काखेतली भानगड

जबाबदारी अंगावर आली की लोक काखा वर करतात. मला मात्र काखा वर करण्याचाच पगार मिळतो. मी वाहतूक पोलिसात हवालदार आहे. पाच रस्ते जिथे एकमेकांच्या अंगावर येतात अशा चौकात उभा राहतो. तिथले दिवे चालू कमी आणि बंद जास्त असतात, त्यामुळे दिव्यांचं काम माझ्या दोन हातांना करावं लागतं. समोरच्याला थांबवायचं तर उजवा हात सरळ वर, मागच्याला थांबवायचं तर डावा हात आडवा, बाजूच्याला बोलवायचं तर कोपरातून वळवून आत. वाहनवाले मला मामा म्हणतात. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे आजोबाही मामाच म्हणतात.

आता माझ्या देहाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळी भानगड तिथलीच आहे. माझ्यात बारीक असं काही नाही. कवायतीच्या वर्षांतला फोटो घरात आहे, तोही आता कुणाला खरा वाटत नाही. पोटाला घडी, कमरेला घडी, मानेला घडी. देवाने घड्या सढळ हाताने घातल्या आणि इस्त्री फिरवायची तेवढी विसरला. त्यात गणवेश जाड, अर्धा प्लास्टिकचा असल्यासारखा. डोक्यावर ऊन आणि पायाखाली तापलेलं डांबर. मी उभा असतो ती जागा दुपारनंतर ओळखू येते, कारण तेवढ्याच रस्त्यावर पाणी मारल्यासारखं वाटतं.

सुरुवात डाव्या काखेत झाली. एक लाल, गुळगुळीत, चकाकता चट्टा. खाज कमी, आग जास्त. मी म्हटलं, घामोळं असेल. दुकानातून सुगंधी पावडरीचा मोठा डबा आणला आणि पहाटे ड्यूटीवर निघताना भिंतीला चुना लावावा तशी काख भरून टाकली. पावडर आणि घाम एकत्र आले की त्याचं काय होतं, हे कुठल्याही स्वयंपाक करणाऱ्या माणसाने मला सांगितलं असतं. दुपारी काखेत मळलेली कणीक होती. संध्याकाळी ती वाळली, तडकली आणि काढताना सोबत थोडी कातडीही घेऊन गेली.

मग माझ्याच चौकीतल्या एका शहाण्याने सांगितलं, लिंबू चोळ, लिंबाने जंतू मरतात. हा शहाणा म्हणजे माझा जोडीदार, लंबू. सहा फुटांवर उंची, वजन माझ्या एका मांडीएवढं. मी लिंबू चोळलं. जंतू मेले की नाही मला माहीत नाही. मी मात्र बंद न्हाणीघरात नळ पूर्ण सोडून, टॉवेल तोंडात कोंबून नाचलो. बाहेरून बायको म्हणाली, "अहो, गाणं म्हणताय का?" मी म्हटलं, "हो."

शेवटी औषधांच्या दुकानात गेलो. दुकानदाराला काख दाखवायची लाज वाटली म्हणून म्हटलं, "एका मित्राला नायटा झालाय." त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एक ट्यूब पुढे सरकवली. "मित्राला सांगा, भरपूर लावा."

ट्यूबने चमत्कार केला. आठवड्यात चट्टा गेला. मी इतका खूश झालो की चौकात शिट्टी वाजवताना सूर लागायला लागला. मग ट्यूब थांबवली आणि चट्टा परत आला. या वेळी एकटा आला नाही, गोतावळा घेऊन आला. एक उजव्या काखेत उतरला, एक पोटाच्या घडीखाली आणि उरलेले अशा ठिकाणी, जिथे बसलं की ते आठवतात आणि चाललं की ओरडतात. पुन्हा ट्यूब, पुन्हा चमत्कार, पुन्हा गोतावळा. असे कित्येक महिने गेले. दुकानदार मला बघताच ट्यूब काढून ठेवायला लागला. "मित्र कसा आहे?" असंही विचारायचा. मित्राची अवस्था फार वाईट होती.

आता डॉक्टरकडे का गेलो नाही, असं कुणीही विचारेल. लाज, दुसरं काय! चौकात मी एका हाताने ट्रक थांबवतो. तोच हात कुणा अनोळखी माणसासमोर वर करून 'बघा हो जरा' म्हणायचं, या कल्पनेनेच मला आणखी घाम सुटायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी काख झाकून बसलो होतो.

घरात तर जास्तच झाकाझाक. हे संसर्गाचं असेल, बायकोला होईल, अशी भीती मनात बसली होती. म्हणून मी बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपायला लागलो. कारण सांगितलं, पाठीला कडक अंथरूण बरं. बनियन स्वतः धुवायला लागलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने कधी स्वतःचा रुमाल धुतला नव्हता, तो आता दार लावून बनियन घासतो! बायको काही बोलली नाही. मला वाटलं, वा, जमलं आपल्याला. पोलिसात असून मला एवढंही कळलं नाही, की समोरचा गप्प बसला की तो काहीतरी जुळवत असतो.

इकडे चौकात माझे हात खाली यायला लागले. उजवा हात पूर्ण वर केला की काखेतल्या भेगा ताणायच्या आणि डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. म्हणून मी कोपर बरगडीला चिकटवून नुसते पंजे हलवायला लागलो. पायही फाकवून उभा राहायचो, घोड्यावरून नुकताच उतरल्यासारखा. लंबू म्हणायचा, "काय रे, नवीन स्टाइल?" मी म्हणायचो, "शक्ती वाचवतोय."

पण माझ्या पंजांची भाषा वाहनवाल्यांना कळेना. काही जण मला उलट हात हलवून पुढे जायचे. एका स्कूटरवाल्या आजोबांनी तर गाडी माझ्याजवळ आणून थांबवली आणि विचारलं, "मला बोलावलंत का, मामा?" मागून पंचवीस भोंगे वाजत होते. मी म्हटलं, "नाही आजोबा, जा." तर ते म्हणाले, "मग कशाला बोलावलंत?"

व्हायचं ते शेवटी झालंच. एका दुपारी फर्निचरने भरलेला एक ट्रक समोरून आला. मी पंजा दाखवला, म्हणजे थांब. ट्रकवाला समजला, ये. तो आला. त्याच वेळी उजवीकडून बस येत होती, तिला मी खरोखरच ये म्हटलं होतं. दोघांनी ब्रेक दाबले आणि नाकाला नाक लावून उभे राहिले. लागलं कुणालाच नाही, पण ट्रकवरच्या कपाटाची दोरी सुटली, दार उघडलं आणि दाराच्या आतला भलामोठा आरसा माझ्यासमोर आला. त्या आरशात एक जाडा माणूस होता. दोन्ही कोपरं अंगाला चिकटवलेली, पाय फाकलेले, पंजे पंख फुटू न शकलेल्या पिल्लासारखे फडफडणारे. मी क्षणभर म्हटलं, हा कोण येडा माझ्या चौकात उभा आहे?

पाचही रस्ते तुंबले. आणि त्या कोंडीत, बसच्या मागे, आमच्या मोठ्या साहेबांची गाडी होती.

साहेब उतरून चालत आले. सलाम करणं भाग होतं. सलामाला कोपर खांद्याच्या रेषेत यावं लागतं. माझं कोपर निघालं आणि बरगडीपासून चार बोटांवर अडकलं. हात कसाबसा गालापर्यंत पोचला.

"हा सलाम आहे?" साहेबांनी विचारलं. "का माशी हाकलतोयस?"

"सर, खांदा धरलाय."

"मग डॉक्टरांचा कागद घेऊन सोमवारी ऑफिसात ये. कागद नसेल तर उद्धटपणाबद्दल काय करायचं ते मी बघतो."

आता आली का पंचाईत! खांदा ठणठणीत होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी तर अर्धाच हात दाखवून ते ओढवून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. बायको झाडांच्या रोपवाटिकेत काम करते. माती, खत, कुंड्या यांत तिचा दिवस जातो. त्या दिवशी ती दुपारीच घरी आली, सरळ न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ बाहेर येईना. आली तेव्हा अंगाला इतका साबणाचा आणि अत्तराचा वास, की मला शिंक आली. ती जागच्या जागी थांबली. चेहरा एकदम उतरला.

"अजून येतो का?" तिने विचारलं.

"काय?"

"वास. खताचा." ती खुर्चीच्या काठावर बसली. "मी साबण बदलला. तिथेच हातपाय धुऊन येते, घरी आल्यावर पुन्हा आंघोळ करते. मालकिणीला म्हटलं, मला खताच्या कामावरून काढा, विक्रीला बसवा. ती म्हणाली बघू. अहो, खरं सांगा, माझ्या अंगाला वास येतो म्हणून तुम्ही बाहेर झोपता ना? कपडेसुद्धा माझ्या कपड्यांत टाकत नाही तुम्ही."

माझ्या आयुष्यात मी बऱ्याच जणांना रस्त्यात उभं करून बोलतं केलंय. त्या दिवशी मात्र चुकीच्या बाजूने मीच घुसलो होतो. मी समजत होतो, मी तिला दुखण्यापासून वाचवतोय. आणि ही बाई कितीतरी दिवस स्वतःचं अंग घासत बसली होती, कारण मला माझी काख दाखवायची लाज वाटत होती.

मी उठलो. शर्ट काढला, बनियन काढलं आणि दोन्ही हात वर केले. पूर्ण वर. दुखलं, पण केले.

ती जवळ आली. खिडकीचा पडदा बाजूला सारला, माझं कोपर धरून मला उजेडाकडे वळवलं. बराच वेळ बघत राहिली.

"आणि अजून कुठे?"

मी सांगितलं.

"एवढंच?" ती म्हणाली. मग म्हणाली, "मेल्या!" एवढ्या वर्षांत तिने मला कधी मेल्या म्हटलं नव्हतं. मग ती हसायला लागली, हसता हसता रडली आणि डोळे पुसून पुन्हा चिडली. "मला वाटलं, मी नकोशी झाले! आणि हे काय, काखेत लपवून बसलात!"

"लागेल म्हणून..."

"कुणी सांगितलं लागेल म्हणून? कुठल्या डॉक्टरने?"

"डॉक्टरने नाही."

"मग?"

"मीच."

तिने त्याच दिवशी, त्याच अत्तराच्या वासात, मला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणजे तरुण मुलगी, आमच्या भाचीच्या वयाची. मला घाम फुटला. ती म्हणाली, "बसा काका." कुणीतरी मला मामा सोडून काका म्हणत होतं, ही बढती की बदली, मला कळेना. मी सगळं धैर्य गोळा करून शर्टाच्या बटणाला हात घातला, तर ती म्हणाली, "आधी नखं दाखवा."

माझ्या नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते. मी ते कधी बघितलेच नव्हते. मग तिने कानांमागे बघितलं. तिथे पांढरा कोंडा. तो मी वर्षानुवर्षं डोक्याचा समजत होतो. त्यानंतर काखा, पोट आणि उरलेलं. हे सगळं तिने इतक्या सहजपणे बघितलं, की मीच उगाच छताकडे बघत बसलो. थोडी कातडी खरवडून काचेवर घेतली आणि आत जाऊन आली.

"घडीत थोडी बुरशी आहे," ती म्हणाली, "पण मूळ दुखणं ते नाही. हा सोरायसिस आहे."

"पण त्यात खवले पडतात ना? माझ्याकडे एकही खवला नाही."

"घडीत सतत ओल आणि घासाघीस असते, खवला टिकतच नाही. नुसतं लाल आणि चकचकीत दिसतं. म्हणून लोकांना नायटा वाटतो. काय लावत होतात?"

मी खिशातून ट्यूब काढली. तिने मागची बारीक अक्षरं वाचली आणि ट्यूब टेबलावर उलटी ठेवली.

"ह्यात जोरदार स्टेरॉइड आहे, काका. इतक्या नाजूक जागेवर महिनोन् महिने! हे पांढरट चरे दिसतात ना? कातडी पातळ झालीय. पोट सुटल्याची खूण म्हणून दुर्लक्ष केलं असेल तुम्ही."

"तसंच केलं," मी म्हटलं.

बायकोने विचारलं, "लागतं का हे?"

"सोरायसिस लागत नाही. बुरशी जाईपर्यंत टॉवेल वेगळा ठेवा, बाकी काही नाही. एका खोलीत झोपायला काहीच हरकत नाही." ती हे माझ्याकडे बघून का म्हणाली, कोण जाणे. बायकोने बाहेर माझ्या आधी तिच्याशी काय बोलणं केलं होतं, ते मी अजून विचारलेलं नाही.

"बरं कधी होईल?" मी विचारलं.

"कायमचं जाईल असं मी सांगणार नाही. ताब्यात मात्र नक्की राहील." मग तिने समजावून सांगितलं. सौम्य साबण. घासायचं नाही, मऊ टॉवेलने टिपायचं. घडी पूर्ण कोरडी झाल्याशिवाय कपडा घालायचा नाही. सुती, सैल कपडे. घामाचं बनियन दुपारी बदलायचं. सुगंधी पावडर बंद, लिंबू बंद. लिंबू हा शब्द ऐकून तिने माझ्याकडे परत बघितलं. "लिंबू चोळलंत?" मी मान हलवली. तिने दोन मलमं लिहून दिली, एक बुरशीसाठी आणि एक सोरायसिससाठी, आणि कुठलं किती दिवस ते नीट सांगितलं. "मनाने वाढवायचं नाही, मनाने थांबवायचं नाही, परत येऊन दाखवायचं. आणि वजन थोडं कमी झालं तर घड्यांना हवा लागेल."

वजनाचा विषय निघताच बायको दवाखान्याच्या भिंतीवरचा तक्ता फार लक्ष देऊन बघायला लागली.

सोमवारी साहेबांसमोर उभा राहिलो. कागद माझ्याकडे होता, पण त्यावर खांदा नव्हता. साहेबांनी तो वाचला, उलटा करून बघितला, परत वाचला.

"ह्यात खांदा कुठे आहे?"

"नाही सर. काख आहे."

साहेबांनी कारकुनाला बाहेर पाठवलं. "म्हणजे हात वर होत नाही तो..."

"काखेमुळे, सर."

"दाखव."

मी शर्ट काढला आणि हात वर केले. साहेबांनी चष्मा चढवला, खुर्चीतून अर्धे उठून वाकून बघितलं. नेमकं त्याच वेळी चहावाला दार ढकलून आत आला. समोर उघडा हवालदार हात वर करून उभा, टेबलाच्या पलीकडे साहेब! त्याने चहा तिथेच जमिनीवर ठेवला आणि दार ओढून गेला. तासाभरात साऱ्या इमारतीत बातमी पसरली, की साहेबांनी माझी झडती घेतली आणि काहीतरी सापडलं.

"हात खाली कर," साहेब म्हणाले. "हे त्या दिवशीच सांगता येत नव्हतं?"

"चौकात, सर? सलाम ठोकता ठोकता?"

साहेबांना हसू आवरेना. त्यांनी मला काही आठवडे नियंत्रण कक्षात फोनवर बसवलं आणि गणवेशाच्या आत सुती बनियन रंगीत असलं तरी चालेल, अशी सूट दिली.

घरी मग नवा दिनक्रम सुरू झाला. आंघोळीनंतर मी टेबलफॅनसमोर हात वर करून उभा राहतो, दरोडेखोरांनी पकडलेल्या माणसासारखा. बायको केस वाळवायचं मशीन थंड हवेवर ठेवून पोटाच्या घडीखाली धरते आणि म्हणते, "ह्याहून मोठ्या कुंड्या मी रोज उचलते." सतरंजी गुंडाळून माळ्यावर गेली. तिने रोपवाटिकेतलं खताचं काम सोडलं नाही. विक्रीला बसायला तिला कंटाळाच येतो म्हणे.

झडतीत काय सापडलं, हे लंबूने माझ्याकडून काढून घेतलंच. मला वाटलं, आता चौकी माझी टर उडवणार. दोन दिवस उडवलीही. तिसऱ्या दिवशी लंबू मला कोपऱ्यात घेऊन गेला आणि बूट काढायला लागला. "हे बोटांच्या मधलं जरा बघ ना." मग एक ड्रायव्हर आला, मांडीचं घेऊन. मग एक हवालदार आला, मानेचं घेऊन. तो खरं म्हणजे नुसता मळ होता. इतकी वर्षं लोक मला लायसन्स दाखवायचे. आता काय काय दाखवतात ते सांगण्यासारखं नाही.

"तुझं मलम दे थोडं," लंबू म्हणाला.

"अजिबात नाही."

"एवढंसं."

"लिंबू चोळ," मी म्हटलं. मग दया आली आणि त्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. आता तिच्याकडे आमच्या चौकीची रांग असते.

मी चौकात परत उभा राहिलो तेव्हा हात चांगला वर जात होता. वाहनं थांबत होती, सुटत होती. दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं म्हणतात. माझ्या मुंग्या जरा जास्तच रमतगमत गेल्या, पण गेल्या. वजनही थोडं उतरलं. पट्ट्याला नवं भोक पाडायला मी मोचीकडे गेलो तर तो म्हणाला, "अजून सैल करायचा का?"

गेल्या उन्हाळ्यात एक चट्टा परत आला. त्याच डाव्या काखेत. दिवसभर मला वाटत होतं, नाही, हे घामोळंच असेल. घरी आलो तेव्हा बायको भाजी चिरत बसली होती. मी बूट काढायच्या आधीच म्हटलं, "अगं, आलंय परत."

"कुठे?"

"काखेत."

"बघू." तिने सुरी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि मला खिडकीकडे ओढलं. "छोटंय. उद्या सकाळी डॉक्टरकडे जाऊ. आधी आंघोळ करून या, मी पंखा लावते." मी टॉवेल घेऊन निघालो, तर मागून म्हणाली, "आणि ते गाणं जरा हळू म्हणा, शेजारी विचारतात."

मी खरंच गातो हल्ली. आवाज चांगला नाही, पण न्हाणीघरात तेवढा चालतो.